मैदान तिकडे, सूत्रधार इकडे

घरबसल्या सामना पाहताना आपण फलंदाज पाहतो, गोलंदाज पाहतो, पंचाचे वर गेलेले बोट पाहतो. पण हे सारे आपल्याला दाखवतो आहे कोण, हा प्रश्न क्वचितच मनात येतो. नाटकास गेलेला प्रेक्षक पडदा ओढणाऱ्याची चौकशी करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि ते योग्यही आहे. कारण ज्याचे काम उत्तम झाले तो माणूस दिसू नये, अशीच या धंद्याची रीत आहे. तथापि या पडद्यामागच्या मंडळींच्या बसण्याच्या जागेत अलीकडे मोठा पालट झाला आहे. पूर्वी ती मैदानाच्या आवारात असत. आता पुष्कळदा ती दुसऱ्या शहरात, किंबहुना दुसऱ्या खंडात बसलेली असतात. खेळ तिकडे आणि खेळाचे सूत्रधार इकडे, अशी ही व्यवस्था आहे. इंग्रजीतून तिला ‘रिमोट प्रॉडक्शन’ म्हणतात. आपण तिला ‘दूरनिर्मिती’ म्हणू. ती चालते कशी, तिने साधते काय, आणि तिच्यात हातचे निसटण्याजोगे काय आहे, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम जुनी रीत ध्यानी घेऊ. १९३७ साली बी.बी.सी.ने विंबल्डनचे टेनिस दूरचित्रवाणीवर दाखविले, आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड्सवरील इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना. तेव्हापासून कालपरवापर्यंत मूळ पद्धत एकच होती. कॅमेरे मैदानावर ठेवावयाचे, त्यांच्या तारा ओढून बाहेर उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीत न्यावयाच्या, आणि त्या गाडीत बसून कार्यक्रम तयार करावयाचा. या गाडीला ओ. बी. व्हॅन म्हणतात. तिच्या आत एका भिंतीवर लहानमोठे अनेक पडदे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याला जे दिसते ते त्यांवर दिसत असते. त्यांच्यासमोर दिग्दर्शक बसतो आणि ‘आता तीन, आता सात’ असे सांगत जातो. त्याच्या शेजारचा माणूस बटणे दाबून ते ते चित्र पुढे पाठवितो. कोणी चेंडू पुन्हा संथ गतीने दाखविण्याच्या तयारीत असतो, कोणी धावफलक लिहितो, कोणी आवाजांचे मिश्रण करतो, तर कोणी प्रत्येक कॅमेऱ्याचा रंग आणि उजेड जुळवून घेतो, म्हणजे एका चित्रात हिरवे दिसणारे गवत दुसऱ्या चित्रात पिवळे दिसू नये. हे सारे लटांबर गावोगाव हिंडावयाचे. जुन्या नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड आठवा: पडदे, पेट्या, आचारी, सारे बरोबर, तसेच हे बिऱ्हाड.

मग प्रश्न निघतो तो असा, की बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्यापेक्षा चित्रेच घरी मागवून घेतली तर? ही कल्पना ऐकताना नवी वाटते. पण तिचे बीज जुने आहे. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडात खेळत होता. तेथून येणारे धावते वर्णन लघुलहरींवर नीट ऐकू येण्याचा भरवसा नव्हता. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नभोवाणीने एक युक्ती योजिली. इंग्लंडातून षटकामागून षटक सांकेतिक तारा येत. सिडनीच्या स्टुडिओत त्यांचा अर्थ लावून वर्णनकारांच्या हाती दिला जाई. आणि ॲलन मॅकगिल्व्रे व त्यांचे सहकारी जणू डोळ्यांनी पाहत असल्याप्रमाणे सामन्याचे वर्णन करीत. बॅटचा आवाज म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर मारलेली पेन्सिल, आणि प्रेक्षकांचा गलका ध्वनिमुद्रिकेवरचा. यात फसवणूक नव्हती. त्याला ‘कृत्रिम’ प्रक्षेपण असेच म्हटले जाई. मैदान एका गोलार्धात आणि वर्णनकार दुसऱ्यात, ही गोष्ट तेव्हाच घडून गेली होती. फरक एवढाच, की तेव्हा तारेतून येत होते ते चार शब्द. आज तेथून येतात ती शंभर चित्रे.

ही शंभरांची गोष्ट अलंकारिक नव्हे. फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतींचे उदाहरण घेऊ. कारण दूरनिर्मितीचे सारे गुणदोष या एका उदाहरणात एकवटलेले दिसतात. हा खेळ कायमचा फिरता. २०२४ साली त्याच्या २४ शर्यती झाल्या, त्याही अनेक खंडांत. मैदान म्हणावे तर चार-पाच किलोमीटर लांबीचा रस्ता. रस्त्याकडेला कॅमेरे, प्रत्येक मोटारीवर कॅमेरे, शिवाय प्रत्येक चालकाचे आपल्या चमूशी चाललेले बिनतारी संभाषण. हे सारे गोळा करून त्याची एक सलग कथा करणारी मंडळी पूर्वी शर्यतीबरोबर देशोदेशी जात. दक्षिण इंग्लंडात केंट भागात बिगिन हिल नावाचे ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचा तळ म्हणून ते प्रसिद्ध आहे. तेथे या संस्थेचे केंद्र होतेच. २०२० साली साथीमुळे प्रवासावर बंधने आली. तेव्हा दिग्दर्शनासकट बरीचशी निर्मिती या केंद्रात हलविली गेली, आणि जुलैमध्ये ऑस्ट्रियातील शर्यतीपासून हंगाम त्या रीतीने सुरू झाला. साथ ओसरली, पण बिऱ्हाड परत गाडीवर चढले नाही. शर्यतीच्या जागी कॅमेरे, ते चालविणारे, ध्वनिग्राहक लावणारे आणि सर्व संदेश गोळा करणारे एक तांत्रिक ठाणे एवढेच जाते. तेथून शंभराहून अधिक चित्रप्रवाह आणि अडीचशेहून अधिक ध्वनिप्रवाह बिगिन हिलला जातात-येतात. २०२२ पासून ही वाहतूक करण्याचे काम ज्या कंपनीकडे आले, ती मुंबईची टाटा कम्युनिकेशन्स, म्हणजे पूर्वीचे आपले विदेश संचार निगम.

आता ही वाहतूक म्हणजे केवढा बोजा आहे, ते पाहू. यंत्राच्या भाषेत ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी एक खूण म्हणजे एक बिट. उत्तम प्रतीचे एक चित्र काहीही काटछाट न करता पाठवावयाचे, तर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट लागतात. अशी शंभर चित्रे म्हणजे सेकंदाला दीडशे अब्ज. ती जातात केसासारख्या बारीक काचतंतूंतून, प्रकाशाच्या उघडझापीच्या रूपाने. तरीही बोजा हलका केलेला बरा. म्हणून चित्राची घडी घालतात. घडी दोन तऱ्हेची असते. आपल्या घरी चित्रपट येतो त्यात लागोपाठच्या चित्रांमध्ये काय बदलले तेवढेच पाठविलेले असते. घडी फार लहान होते, पण ती घालण्यासाठी काही चित्रे जमेपर्यंत थांबावे लागते. दुसरी तऱ्हा अशी, की एकाच चित्राच्या थोड्या थोड्या ओळी हाती घ्यावयाच्या आणि लगेच आवळून पुढे धाडावयाच्या. २०१९ साली प्रमाणित झालेली ‘जेपीईजी एक्सएस’ ही रीत या दुसऱ्या जातीची. तिने बोजा दहावा हिस्सा होतो आणि वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही जात नाही. दूरनिर्मितीत जागेच्या बचतीपेक्षा वेळेची बचत मोलाची, हे येथे लक्षात येईल.

वेळ एवढी मोलाची का? कारण प्रकाशालाही घाई करून घाई करता येत नाही. मोकळ्या जागेत तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. काचेत मात्र सुमारे दोन लाखच. मेलबर्न ते लंडन सतरा हजार किलोमीटर धरले, तर काचतंतूतून नुसत्या प्रवासालाच सेकंदाचा सुमारे बारावा भाग लागतो. यंत्रांचा वेळ आणि तंतूंची वळणे जमेस धरूनही हा सारा विलंब सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवला जातो, असे ही वाहतूक करणारे सांगतात. उपग्रहाची गोष्ट निराळी. आपल्या पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली विक्रम भूकेंद्र उभारले गेले. अशा केंद्रांवरून ज्या उपग्रहांशी बोलावयाचे, ते भूमध्यरेषेवर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच असतात. एकदा वर जाऊन खाली येण्यासच सेकंदाचा जवळजवळ चौथा भाग जातो, आणि प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद. पूर्वी परदेशी फोनवर दोघेही एकदम बोलत आणि दोघेही एकदम थांबत, ते यामुळेच. उपग्रहाने चित्र दाखविता येते. संवाद साधणे कठीण.

सेकंदाचा पाचवा भाग हा विलंब थोडा की फार? एक घरगुती माप देतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सीमारेषेच्या बाहेर, खेळपट्टीपासून सत्तर मीटरांवर बसलेल्या प्रेक्षकाला फटक्याचा आवाज नेमका सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा ऐकू येतो. म्हणजे मेलबर्नची शर्यत केंटमध्ये बसून पाहणाऱ्याला चित्र जेवढे उशिरा पोहोचते, तेवढ्याच उशिरा मैदानावरच्या प्रेक्षकाला चेंडूचा ‘टक्’ ऐकू येतो!

पण विलंब थोडा असला तरी तो बाधतो कोठे, हे बारकाईने पाहिले पाहिजे. दिग्दर्शक आलेल्या चित्रांतून निवड करतो. सगळीच चित्रे सारख्याच उशिरा आली, तर निवडीत काही बिघडत नाही. तो आणि आपण एकाच उशिराच्या जगात असतो. बिघडते ते दोन ठिकाणी. पहिले, चित्रे वेगवेगळ्या उशिराने आली तर. एका कॅमेऱ्यात चेंडू झेलला गेला आहे आणि दुसऱ्यात तो अजून हवेतच आहे, असे झाले तर एकाच चेंडूचा झेल दोनदा होईल. म्हणून मैदानावरचे प्रत्येक यंत्र उपग्रहांवरून मिळणाऱ्या एकाच घड्याळाला बांधलेले असते. प्रत्येक चित्रावर आणि प्रत्येक ध्वनीवर वेळेचा शिक्का बसतो, आणि इकडे आल्यावर शिक्के पाहून सर्वांना एका रांगेत उभे करतात. चित्र आणि ध्वनी यांच्या बाबतीत युरोपातील प्रक्षेपण संस्थांच्या संघाने घातलेली मर्यादा मोठी मार्मिक आहे: ध्वनी चित्राच्या पुढे सेकंदाच्या चाळीस सहस्रांशांहून अधिक नसावा, मागे मात्र साठ सहस्रांशांपर्यंत चालेल. ढग आधी चमकतो आणि मग गडगडतो, हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे. आधी गडगडून मग चमकलेले त्याला खपत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे आज्ञा. दिग्दर्शक म्हणतो, ‘डावीकडे घे.’ तो शब्द तिकडे जावयाचा, कॅमेरा वळावयाचा आणि वळलेले चित्र इकडे यावयाचे. विलंब दुप्पट झाला. गायक पुण्यात आणि तबलजी मुंबईत अशी मैफल कल्पून पाहा. गायकाने सम गाठली तरी तबल्याची सम अजून वाटेवर. अशा वेळी दोघांनी एकमेकांचे ऐकून वाजविण्याचा हट्ट धरला तर लय पडतच जाईल. दूरनिर्मितीत तोड निघते ती कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या हुशारीने. तो आज्ञेची वाट पाहत नाही. आपल्या दिग्दर्शकाला पुढच्या क्षणी काय लागेल, हे तो अनुभवाने ओळखतो. म्हणजे यंत्र जितके दूर गेले, तितके कसबी माणसाचे महत्त्व वाढले. खर्च वाचविण्याच्या भरात हे विसरले जाते.

तार तुटली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणीही प्रथम विचारील. रस्ता खणणारे यंत्र आणि जमिनीखालची तार यांचे वैर आपल्या परिचयाचे आहे. त्यावर उपाय सरळ आहे. एकच पत्र दोन वेगवेगळ्या मार्गांनी टाकावयाचे, आणि जे आधी पोहोचेल ते वाचावयाचे. प्रत्येक चित्राचे बारीक तुकडे एकाच वेळी दोन निराळ्या वाटांनी जातात. एका वाटेवरचा तुकडा हरवला तर दुसरीवरचा घेतात, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जेथे काचतंतूच नाही तेथे पाठीवरच्या एका पेटीत अनेक मोबाइल कंपन्यांची जोडणी ठेवून चित्राचे तुकडे त्यांच्यात वाटून देतात. एक ट्रक मिळत नसेल तर पाचसहा सायकलस्वारांकडे थोडा थोडा माल द्यावा, तसे.

याने साधते काय? प्रवास, हॉटेले, विमानाने जाणारे सामान, सारे घटते. एकच कुशल माणूस शनिवारी एका शहरातील सामना आणि रविवारी दुसऱ्या शहरातील सामना खुर्ची न सोडता करू शकतो. ऑस्ट्रेलियासारख्या अवाढव्य देशात सिडनी आणि मेलबर्न येथे अशी केंद्रे उभी राहिली आणि देशभरची क्रीडांगणे त्यांना जोडली गेली, त्याचे कारण हेच. शिवाय ज्या खेळांसाठी मोठी गाडी पाठविणे परवडत नव्हते, त्या लहान स्पर्धा, स्त्रियांचे सामने, दुय्यम संघ यांनाही पडदा मिळू लागला. हा लाभ लहान नव्हे.

परंतु आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँ या चालकाची मोटार लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. सुमारे अठ्ठावीस सेकंद तो माणूस ज्वाळांत होता. जगभर लक्षावधी लोक पाहत होते. त्यांत त्याच्या घरची माणसेही असणार. अशा वेळी कोणते चित्र दाखवावयाचे? अपघात पुन्हा दाखवावयाचा की नाही? बिगिन हिलच्या पडद्यांवर सर्व कोनांतून सर्व काही येत होते. पण एक गोष्ट कोणत्याही चित्रात नव्हती: तो वाचला आहे काय? ते सांगावयाला मैदानावरचा माणूसच लागतो. चालक सुखरूप बाहेर आल्याचे कळेपर्यंत अपघाताचे पुनर्दर्शन रोखून धरले गेले, हे योग्यच झाले. त्यानंतर मात्र ती आग इतक्यांदा दाखविली गेली, की डॅनियल रिकार्डो या सहकारी चालकाने उघडपणे संताप व्यक्त केला. संयोजकांचे म्हणणे होते, की तो सुरक्षित असल्याचे समजल्यावरच आम्ही दाखविले. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण रिकार्डो व त्याचे सहकारी त्या वेळी तेथेच, पुन्हा मोटारीत बसण्याची वाट पाहत होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्याशेजारी उभा असलेला माणूस ती फीत कदाचित लवकर थांबविता.

दुसरा प्रसंग प्रक्षेपणाचा नव्हे, पंचगिरीचा आहे. पण शेजारच्याच घरातला आहे. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चित्रे पाहून निर्णय तपासणारे साहाय्यक पंच मैदानावर नसतात; पश्चिम लंडनमधील स्टॉक्ली पार्क येथे पडद्यांसमोर बसतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लुईस डियाझ याने गोल केला. मैदानावरील पंचांनी तो ऑफसाइड ठरविला. तपासणाऱ्याने चित्रे पाहिली, गोल योग्य असल्याचे त्याला अचूक दिसले. पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीने त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळविले. मैदानावर त्याचा अर्थ झाला, ‘तुमचा निर्णय कायम.’ खेळ पुढे सुरू झाला. चूक काही क्षणांत उमगली, पण नियमाने मागे जाता येत नव्हते. लिव्हरपूल २-१ असे हरले. येथे तार तुटली नव्हती, चित्र अडखळले नव्हते, अंतर एका शहराच्या आतले होते. अडखळला तो शब्द.

या दोन प्रसंगांवरून मला असे म्हणावयाचे आहे, की दूरनिर्मितीचा कस काचतंतूत लागत नाही. तो लागतो मैदानावर कोणाला मागे ठेवले आहे यात. दृश्य कितीही दूर नेता येते. प्रसंगाची जाण मात्र तेथे उभ्या असलेल्या माणसाजवळ असते, आणि ती तारेत घालावयाची तर त्या माणसाला स्पष्ट शब्दांत बोलण्याची सवय आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार, दोन्ही हवीत. पैशाच्या हिशेबात पहिली कात्री लागते ती नेमकी या माणसाला, कारण कोणत्याही पडद्यावर त्याचे काम दिसत नाही.

धावत्या वर्णनाबाबतही हेच. जुलै २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियन येथे झालेल्या एका प्रदर्शनीय क्रिकेट सामन्याचे समालोचन भारतातून झाले: इरफान पठाण बडोद्यात, दीप दासगुप्ता कोलकात्यात आणि संजय मांजरेकर मुंबईत, प्रत्येक जण आपापल्या घरी. साथीच्या दिवसांत ही करामत कौतुकाचीच होती. दूरनिर्मितीमुळे एकाच सामन्याचे वर्णन अनेक भाषांत करणे स्वस्त झाले, आणि २०२३ सालच्या आय.पी.एल.मध्ये मोबाइलवर ज्या बारा भाषा ऐकू आल्या त्यांत मराठीही होती, हे आपण आनंदाने नमूद करू. पण पडद्यासमोर बसलेल्या वर्णनकाराला कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते. म्हणजे तो आपल्यापेक्षा फार अधिक पाहत नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित क्रिकेटचे मराठीतून वर्णन करीत, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसे, कारण सांगणारा ते सबंध पाहत असे: स्लिपमधून हळूच मागे सरकलेला क्षेत्ररक्षक, ढगांकडे पाहणारा कर्णधार, तंबूत पॅड बांधून अस्वस्थ बसलेला पुढचा फलंदाज. आपली भाषा पडद्यावर आली एवढ्यावर समाधान न मानता तिचे निदान एक जोडी डोळे मैदानावर असावेत, अशी मागणी मराठी प्रेक्षकाने करावयास हरकत नाही.

बिऱ्हाड पाठीवरून उतरले ते बरेच झाले. ते पुन्हा चढवा, असे कोणी म्हणणार नाही. नाटक कंपनीचे पडदे आणि पेट्या घरी राहिल्या म्हणून नाटक अडत नाही. पण रंगमंचावर पडद्याच्या दोरीपाशी एक जाणता माणूस लागतोच. नट खरोखरच कोसळला तर पडदा केव्हा पाडावयाचा, हे त्याला कोणाला विचारावे लागू नये.